चार बोटांची फट

रविवारी सकाळी सात-साडेसातला पुण्याबाहेरच्या हायवेवर, मिसळीच्या एखाद्या हॉटेलासमोर दहा-बारा हॅचबॅक ओळीने उभ्या असतात. नवा कुणी आला की त्याचं नाव-गाव विचारायच्या आधी एकजण त्याच्या गाडीपाशी वाकतो आणि टायर आणि फेंडरच्या मधल्या फटीत बोटं आडवी घालून बघतो. "चार बोटं. स्टॉक आहे वाटतं?" या 'स्टॉक'मध्ये थोडी कीव असते. एखाद्या मुलाने नोकरी लागूनही अजून शाळेचाच शर्ट घातलाय, तशी. शेजारची गाडी दोन बोटांवर आलेली असते, तिच्याभोवती मात्र गर्दी.

गाडी खाली बसवायची हौस बहुतेकांना या फटीतूनच लागते. मलाही तशीच लागली. त्यात मी काय कमावलं आणि काय घालवलं ते पुढे सांगतोच, पण आधी ही फट तिथे आहे कशाला, ते बघू. कंपनीने ती विसरून सोडलेली नाही. ती चाकाची वर जायची जागा आहे. चाक दगडावर चढलं की ते वर येतं, स्प्रिंग दबते आणि गाडीचं अंग जिथल्या तिथे राहायचा प्रयत्न करतं. हा वर येण्याचा प्रवास गॅरेजमध्ये 'ट्रॅव्हल' म्हणून ओळखला जातो. तो संपत आला की शॉकअपच्या दांड्यावर बसवलेला फोमचा किंवा रबराचा ठोकळा मध्ये येतो, तो बंप स्टॉप. तोही चेपला की मग लोखंडावर लोखंड.

फट दिसते, ट्रॅव्हल दिसत नाही. साऱ्या घोटाळ्याचं मूळ हे आहे.

आता स्प्रिंगकडे वळू. जितकं दाबाल तितकी ती उलट ढकलेल, हा नियम रॉबर्ट हूकने १६७६ साली अक्षरांच्या कोड्यात लपवून जाहीर केला आणि दोन वर्षांनी कोडं फोडलं. गाडीच्या गोल स्प्रिंगला आणखी एक हिशेब लागू होतो, तो मात्र गॅरेजमध्ये फारसा कुणी करत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बारा मिलिमीटर जाडीची तार तेरा मिलिमीटरची केली आणि बाकी सगळं तेच ठेवलं, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. एका मिलिमीटरमध्ये इतका फरक! म्हणूनच दोन स्प्रिंगा शेजारी ठेवून "सारख्याच तर दिसतायत" म्हणण्याला काही अर्थ नसतो.

दुसरा घटक वेढ्यांचा. काम करणारे वेढे जितके कमी, तितकी स्प्रिंग कडक. सहा वेढ्यांतला एक कापला तर पाच उरतात, उंची कमी होते आणि कडकपणा वीस टक्क्यांनी वाढतो. ग्राइंडर लावून पाच मिनिटांत 'लोअरिंग स्प्रिंग' तयार, ती या गणितातून. स्वस्तातला हा मार्ग अजूनही बंद झालेला नाही. त्यात खोट अशी, की स्प्रिंगचं टोक बैठकीत नीट बसेल अशा आकाराचं वळवलेलं असतं आणि कापलेलं टोक तसं बसत नाही. गॅसने कापलं तर आचेने पोलादाचं पाणी उतरतं आणि ती स्प्रिंग हळूहळू बसत जाते. शिवाय चाक खड्ड्यात लोंबलं की आखूड झालेली स्प्रिंग बैठकीत सैल पडते, वळते, आणि परत भार येताना कुठे बसेल ते तिचं तिला ठाऊक. कापलेल्या स्प्रिंगवर मी दुसऱ्याच्याही गाडीत बसत नाही.

चांगल्या कंपन्या स्प्रिंग नव्याने घडवतात. आयबाख हे नाव यातलं सर्वांत परिचित. १९५१ पासूनची जर्मन कंपनी, फिनेनट्रॉप नावाच्या लहान गावातली. तिच्या 'प्रो-किट' जातीच्या स्प्रिंगा बहुतेक लहान गाड्यांना पंचवीस-तीस मिलिमीटर खाली आणतात. 'स्पोर्टलाइन' त्याहून खाली नेते. अशा स्प्रिंगांचे काही वेढे एकमेकांच्या जवळ, काही लांब असतात. हलक्या भाराला जवळचे वेढे मिटतात, जड भाराला उरलेले कमी वेढे काम करतात आणि स्प्रिंग दबता दबता कडक होत जाते. आखूड स्प्रिंग चाक लोंबल्यावरही बैठक सोडत नाही, त्यातही या जवळच्या वेढ्यांचा हात असतो.

उदाहरणाला एकच गाडी घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. चाकणच्या कारखान्यातून २००९ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत बाहेर पडलेली फोक्सवागन पोलो. आपल्याकडे खाली बसवल्या गेलेल्या गाड्यांत तिचा नंबर बराच वर लागेल. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात, खाली एक लोअर आर्म. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी पिळवटणारी आडवी तुळई. स्विफ्ट घ्या, टियागो घ्या, आय-ट्वेंटी घ्या, मांडणी हीच. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही खांबाची कल्पना फोर्डने १९५० च्या सुमारास रस्त्यावर आणली. कमी जागा, कमी सुटे भाग, कमी खर्च, म्हणून जगातल्या बहुतेक लहान गाड्यांनी ती उचलली.

पोलोच्या बाबतीत एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. भारतातली पोलो युरोपातल्या पोलोपेक्षा उंच ठेवलेली होती, आपल्या रस्त्यांसाठी. आता जर्मनीतून मागवलेल्या डब्यावर लिहिलेलं असतं '३५ मिमी'. हे ३५ कुठल्या उंचीपासून? युरोपातल्या. नवी स्प्रिंग गाडीला एका ठरावीक उंचीवर नेऊन बसवते. मूळ गाडी किती उंच होती हे तिला माहीत नसतं. म्हणजे आपली गाडी आधीच पंधरा मिलिमीटर वर असेल, तर डोळ्यांना दिसणारी घसरण पन्नासची. "अरे, पस्तीस म्हणून घेतल्या आणि गाडी पार जमिनीला लागली" ही तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांना फसवणूक झाली असं वाटतं. फसवणूक झालेली नसते, वजाबाकी चुकलेली असते. दुसरी वजाबाकी इंजिनाची. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे पुढच्या आसावर भार जास्त. एकाच गाडीच्या दोन इंजिनांना दोन वेगळे पार्ट नंबर असतात आणि तिथे आसाचा कमाल भार किलोत दिलेला असतो. पेट्रोलच्या स्प्रिंगा डिझेलला बसतात, अगदी सहज बसतात. फक्त नाक खाली जातं.

आता मुख्य प्रश्न. गाडी खाली आणल्याने ती खरंच चांगली वळते का?

कट्ट्यावरचं उत्तर ठरलेलं: "सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली येतो ना!" येतो. किती फरक पडतो ते मोजू. गाडी ११०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५४ सेंटिमीटरवर, दोन चाकांमधलं आडवं अंतर १४६ सेंटिमीटर. वळणावर ०.७ जी इतका आडवा जोर, म्हणजे बऱ्यापैकी हाणून घेतलेलं वळण. आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार निघतो सुमारे २८५ किलो. गाडी तीन सेंटिमीटर खाली आणली की तो होतो २६९. सोळा किलोचा फरक! मागच्या सीटवर एक शाळकरी मुलगा चढला-उतरला तर याहून जास्त फरक पडेल.

उलट एक तोटा होतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मूळ उंचीवर पुढचा लोअर आर्म आतून बाहेर जाताना खाली उतरलेला असतो. गाडी खाली आणली की तो आडवा होतो, फार खाली आणली तर बाहेरच्या बाजूला वर चढतो. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कुशीवर झुकते त्याला रोल सेंटर म्हणतात, आणि मॅकफर्सन मांडणीत हा बिंदू आर्मच्या तिरपेपणावर ठरतो. आर्म आडवा झाला की तो बिंदू भराभरा खाली जातो, गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त वेगाने. दोघांतलं अंतर वाढतं. अंतर म्हणजे पहारीची लांबी. लांब पहारीने दगड सहज उलथतो, तशी गाडी कुशीवर जायला जास्त राजी होते. म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा तोच ठेवून गाडी नुसती खाली आणली, तर ती कमी नव्हे, जास्त झुकू शकते. खाली आणलेली गाडी प्रत्यक्षात कमी झुकते ती नवी स्प्रिंग कडकही असते म्हणून. श्रेय मात्र उंचीला मिळतं.

आणि हा कडकपणा पुरेसा असतो का? पुन्हा ट्रॅव्हलकडे जावं लागतं. समजा मूळ गाडीचं चाक वर जायला ७५ मिलिमीटर जागा होती. ३० मिलिमीटर आपण खर्चून टाकले. उरले ४५. स्प्रिंग दबताना साठवणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाने वाढते, म्हणून तोच खड्डा आता ४५ मिलिमीटरमध्ये जिरवायचा तर स्प्रिंग मूळच्या पावणेतीनपटीहून कडक हवी. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंगा वीस-तीस टक्के कडक असतात, कारण पावणेतीनपट कडक केली तर गाडीत कुणी बसणार नाही. मधला फरक कोण भरतं? बंप स्टॉप. खाली बसवलेली गाडी आपल्या रस्त्यांवर बराचसा वेळ या फोमच्या ठोकळ्यावर चालते आणि मालक म्हणतो, "काय स्पोर्टी फील आहे!"

माझं तेच झालं. माझ्या पहिल्या हॅचबॅकला मी ४५ मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा आणल्या. गाडी सत्तर हजार किलोमीटर चाललेली. गॅरेजमधला मिस्त्री म्हणाला, "साहेब, शॉकअप जुनेच ठेवायचे? बघा बुवा." बजेट संपलं होतं. ठेवायला सांगितलं. संध्याकाळी गाडी जॅकवरून उतरली तेव्हा काय दिसत होती! दीड बोट फट. मी घरी जाताना दुकानांच्या काचांत तिचं प्रतिबिंब बघत गेलो.

पंधरा दिवसांनी आई-बाबांना घेऊन वाईहून पाचगणीला निघालो. पसरणी घाटात एका उजव्या वळणावर डांबराचं ठिगळ होतं, दोन-अडीच इंच उंच. वेग फार नव्हता. गाडी वळणात झुकलेली, डावीकडचा पुढचा शॉकअप आधीच जवळजवळ संपलेला, त्यात ठिगळ आलं. चाकाला वर जायला जागा उरली नव्हती, म्हणून गाडीचा तो कोपराच वर उचलला गेला. क्षणभर टायरवरचा भार गेला, पकड गेली, आणि स्टिअरिंग वळवलेलं असूनही नाक सरळ कठड्याच्या दिशेने निघालं. हातभर सरकलो असू. समोरून कुणी येत नव्हतं आणि आमच्या बाजूला मुरमाची पट्टी होती, म्हणून हे लिहितोय. आई काही वेळाने एवढंच म्हणाली, "घेतली तेव्हा चांगली होती रे ही गाडी."

चूक स्प्रिंगची नव्हती, ट्रॅव्हल खर्चून टाकणाऱ्या माझी होती. बंप स्टॉपला चाक टेकलं की त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कितीतरी पटींनी वाढतो आणि पुढच्या चाकांची पकड सुटते. सपाट रस्त्यावर हे कधीच कळत नाही. घाटातल्या ठिगळावर एकदाच कळतं.

शॉकअपकडे मी केलेलं दुर्लक्ष ही दुसरी चूक, आणि ती बहुतेकजण करतात. 'शॉकअप' हे नावच फसवं आहे. धक्का घेते ती स्प्रिंग. धक्का घेऊन झाल्यावर ती वर-खाली नाचत राहते, तो नाच थांबवायचं काम शॉकअपचं, आतल्या तेलाला बारीक भोकांतून ढकलून. स्प्रिंग पंचवीस टक्के कडक केली आणि शॉकअप तोच ठेवला, तर नाच थांबवण्याची त्याची ऐपत सुमारे अकरा टक्क्यांनी कमी पडते. हे नव्या शॉकअपचं झालं. सत्तर हजार चाललेल्याचं विचारूच नका. शिवाय मूळ शॉकअपची लांबी मूळ उंचीसाठी बेतलेली. गाडी खाली आणली की त्याचा दांडा कायम आत दबलेला राहतो, तळाशी आपटायला मोकळा.

म्हणून जर्मन बिल्स्टाइनकडे एकाच गाडीसाठी दोन पिवळे शॉकअप असतात. बी६ मूळ लांबीचा, बी८ खाली आणलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. बी८ आणि आयबाखच्या स्प्रिंगा एकत्र विकतात तो संच बी१२. हॉलंडची कोनी कंपनी हेच काम तिच्या पिवळ्या शॉकअपांतून करते, आणि ते फिरवून कडक-मऊ करता येतात. मला विचाराल तर स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळ्या दुकानांतून, वेगवेगळ्या दिवाळ्यांना घ्यायची वस्तू नाही. एकत्र घेता येत नसतील तर आधी शॉकअप घ्या. मूळ उंचीवर, मूळ स्प्रिंगांवर चांगले नवे शॉकअप बसवले की दहापैकी सात जणांची हौस तिथेच फिटते, असा माझा अनुभव आहे.

कॉइलओव्हर, म्हणजे आटे फिरवून उंची कमी-जास्त करता येणारा संच, हा वेगळा विषय. ट्रॅकवर जाणाऱ्याने जरूर घ्यावा. बाकीचे तो पहिल्या दिवशी तळाला नेऊन ठेवतात आणि पावसाळ्यातल्या चिखलाने आटे गंजले की तो कायमचा तिथेच राहतो.

रस्त्यांबद्दल बोलल्याशिवाय हे प्रकरण पुरं होणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमावलीत गतिरोधक कसा असावा ते दिलं होतं: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जवळपास २.४६ मीटर. गाडी अशा गतिरोधकाच्या बरोबर मध्यावर आली की पुढची चाकं एका उतारावर, मागची दुसऱ्या उतारावर असतात, आणि माथा चाकांच्या पातळीपेक्षा फक्त साडेचार सेंटिमीटर वर असतो. क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी जागा, १२५ मिलिमीटरवर आणलेली गाडीसुद्धा आरामात जाईल.

आणि सोसायटीच्या गेटसमोर रहिवाशांनी उरलेल्या काँक्रीटचा घालून घेतलेला? दीड फूट रुंद, सहा इंच उंच. चारही चाकं सपाट जमिनीवर आणि मध्ये पोटाखाली पुरते १५ सेंटिमीटर. पोलोचा मूळ क्लिअरन्स साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास, तोही रिकाम्या गाडीचा. मागे दोन माणसं आणि सामान मिळून मागच्या आसावर दीडशे किलो आले, आणि दोन्ही मागच्या स्प्रिंगांची मिळून ताकद मिलिमीटरला चार किलो धरली, तर शेपूट साडेसदतीस मिलिमीटर खाली जाते. म्हणजे अशा गतिरोधकावर मूळ उंचीची भरलेली गाडीही घासते. यात तुमचे तीस मिलिमीटर आणखी. त्यामुळे "किती खाली आणू?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "घरापासून ऑफिसपर्यंत कुठला गतिरोधक सगळ्यात वाईट आहे?" उत्तर तिथे आहे. आपल्याकडे स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर घालून गाडी उंच करणाऱ्यांची संख्या खाली बसवणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे, ती उगीच नाही.

आपल्या देशात कंपन्यांनी स्वतः गाडी खाली आणली तेव्हा किती आणली, ते बघण्यासारखं आहे. २०१८ मध्ये टाटा मोटर्सने कोइंबतूरच्या जयेमबरोबर टियागो जेटीपी काढली. टर्बो इंजिन, ११४ पीएस, रुंद टायर, कडक केलेलं सस्पेन्शन. उंची कमी केली फक्त चार मिलिमीटर, १७० वरून १६६! डोळ्यांना कळणारही नाही इतकी. पण ती गाडी साध्या टियागोपेक्षा फार वेगळी वळायची. त्याआधी २०१५ मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंतो निघाली, १४५ घोड्यांची, चारही चाकांना डिस्क ब्रेक, क्लिअरन्स १५५ मिलिमीटर. तेवढ्यानेही पाच माणसं भरून गावाकडे जाणारे मालक कुरकुरत होते. ज्यांच्याकडे चाचणीचे ट्रॅक आहेत, संगणक आहेत, आणि वॉरंटीचा खर्च ज्यांच्या खिशातून जातो, ते इतपतच खाली येतात.

बसवण्याच्या कामाबद्दल थोडं, कारण चांगल्या स्प्रिंगा वाईट हातांनी वाया जातात. दबलेली स्प्रिंग म्हणजे भरलेली बंदूक. तिला उतरवायला चांगला कंप्रेसर लागतो, दोरी आणि दोन पोरं नाही. स्ट्रट उघडलाच आहे तर वरचा माउंट, बेअरिंग आणि बंप स्टॉप नवे टाका, परत उघडायची मजुरी वाचते. नव्या स्प्रिंगच्या कंपनीने बंप स्टॉप किती कापायचा ते कागदावर दिलं असेल तर तेवढाच कापा. दिलं नसेल तर हात लावू नका. आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट ही: लोअर आर्मच्या आणि मागच्या बीमच्या बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. रबरी बुश ज्या स्थितीत आवळला तिलाच तो सरळ समजतो. लोंबत्या चाकांवर आवळला आणि गाडी खाली सोडली की तो कायमचा पिळलेला राहतो, काही महिन्यांत फाटतो आणि गाडी 'कट-कट' वाजू लागते. चाकं जमिनीवर, भार गाडीचा स्वतःचा, मग शेवटचा पाना. मिस्त्रीला हे सांगताना तो आपल्याकडे "हा शिकवणार मला" अशा नजरेने बघतो. तरी सांगा.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट. उंची बदलली की पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलतो आणि चुकलेला टो नवे टायर एका मोसमात आतून खाऊन टाकतो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, तोही थोडा आत झुकतो, त्याने वळणावर मदतच होते. मागच्या टॉर्शन बीमला फिरवण्याजोगं जवळजवळ काही नसतं, जे आहे ते आहे. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्या, पुढचं नाक मागच्यापेक्षा कमी-जास्त उतरलं असेल तर तो चुकलेला असतो. एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांत मागच्या आसाला दांड्याने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू किती दबली यावरून तो गाडीत सामान किती ते ओळखतो आणि मागच्या ब्रेकला तेवढा दाब सोडतो. अशी गाडी खाली आणली की व्हॉल्व्हला वाटतं मागे चार पोती भरलीत. रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर आधी जाम होतात आणि गाडी गिरकी घेते. गाडी अशी असेल तर तो दांडा पुन्हा जुळवून घेतल्याशिवाय गॅरेजमधून बाहेर पडू नका.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करायला मना करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आरसीवर गाडीचा क्लिअरन्स छापलेला नसतो, म्हणून आम्ही यात बसत नाही, असा युक्तिवाद कट्ट्यावर जोरात चालतो. आरटीओच्या अधिकाऱ्यासमोर आणि अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरसमोर तो किती चालेल, यावर मी माझे पैसे लावणार नाही. जर्मनीत स्प्रिंगच्या डब्यात तपासणीचा कागद येतो, तो आणि गाडी घेऊन तपासणी केंद्रात जायचं, शिक्का मारून घ्यायचा, विषय संपला. अशी सोय आपल्याकडे नाही. निदान विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच ठेवा.

एवढं सगळं वाचूनही हौस टिकली असेल तर माझा क्रम असा. आधी चांगले टायर, कारण रस्त्याला टेकतात ते फक्त तेच. मग सगळे बुश, लिंक रॉड आणि माउंट तपासून झिजलेले बदला. पन्नास-साठ हजार चाललेल्या गाडीचा निम्मा ढिलेपणा तिथेच असतो. मग शॉकअप. यानंतर महिनाभर गाडी चालवा. तरीही डोळा फटीकडे जात असेल तर पंचवीस मिलिमीटरच्या, आपल्याच इंजिनाच्या पार्ट नंबरच्या स्प्रिंगा, आखूड शॉकअपसकट. त्याच्या खाली मी स्वतः जात नाही, आणि ज्याच्या गाडीत घरची माणसं बसतात त्याला जाऊही देत नाही.

पैसे देण्यापूर्वी एक काम कराच. सपाट फरशीवर गाडी उभी करा, टेप घ्या आणि चाकाच्या मध्यबिंदूपासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांचं मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहा. एकदा रिकाम्या गाडीचं, एकदा घरच्या सगळ्यांना बसवून. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा आकडा बिघडवते. स्प्रिंग विकणाऱ्याला हे आठ आकडे दाखवा आणि बसवल्यावरची उंची त्याच्याकडून मिलिमीटरमध्ये लिहून मागा. तो बोटं दाखवायला लागला, तर दुकान बदला.